बोलीतून गेलेले क्रियारूप: घोकावे की ओळखावे?

फ्रेंच भाषेत क्रियापदाचे एक रूप असे आहे, जे आज पॅरिसमधला माणूस रोजच्या बोलण्यात वापरत नाही. पण पॅरिसमध्येच दीडशे वर्षांपूर्वी छापलेली कादंबरी त्याच्याशिवाय नीट वाचता येत नाही. त्याचे नाव 'अँपार्फे द्यू स्युब्जाँक्तीफ'. आपल्या परिभाषेत सांगायचे तर, मुख्य वाक्य भूतकाळी असताना गौणवाक्यात इच्छा, शंका, भीती किंवा अट सांगणारे क्रियापदाचे खास रूप. ते पाठ करण्यात विद्यार्थ्याने वेळ घालवावा की नाही, हा वाद हिंगोलीतल्या एका घरात निघाला. भाची पुण्यात फ्रेंच शिकते आणि पुढे अनुवादाचे काम करणार आहे. मामांनी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मराठी शिकवण्यात आयुष्य घालवले. वाद फ्रेंचवर सुरू झाला, पण मराठीवर आल्याशिवाय राहिला नाही. म्हणूनच दोघांचे म्हणणे इथे सविस्तर मांडतो आहे.

मामा: सकाळपासून एकच तक्ता घोकायलीस. कशाचा आहे?

भाची: क्रियापदाचा. 'पार्ले' म्हणजे बोलणे. त्याची ही सहा रूपं. मी आणि तूसाठी पार्लास, तो किंवा तीसाठी पार्ला, आम्हीसाठी पार्लासिओं, तुम्हीसाठी पार्लासिये, तेसाठी पुन्हा पार्लास. 'असणे'ची फ्यूस, फ्यूस, फ्यू, फ्यूसिओं, फ्यूसिये, फ्यूस. अशी शेकडो क्रियापदं आहेत. आणि मामा, मला हे पटत नाही. ज्या रूपात कोणी बोलत नाही, त्यासाठी रात्री का जागायचं?

मामा: कोणीच बोलत नाही?

भाची: रोजच्या बोलण्यात नाहीच. 'त्याने यावं अशी माझी इच्छा होती' हे वाक्य घ्या. जुन्या नियमाप्रमाणे 'इच्छा होती' भूतकाळी, म्हणून 'यावं'साठीही वेगळं रूप हवं: 'किल व्हँ'. आजचा फ्रेंच माणूस सरळ 'झ वुले किल व्हियेन' म्हणतो. म्हणजे 'इच्छा आहे'च्या पुढे जे रूप येतं, तेच 'इच्छा होती'च्या पुढेही. आता आपली मराठी बघा. 'त्याने यावं असं वाटतं' आणि 'त्याने यावं असं वाटत होतं'. 'यावं' बदललं का? नाही. काळ काय तो मुख्य क्रियापद सांगतं. बोलणाऱ्याचं काही अडत नाही, ऐकणाऱ्याचंही नाही. बोलली जाणारी फ्रेंच आज या बाबतीत मराठीसारखीच वागते.

मामा: हे चांगलं दाखवलंस. पण एक सांग, ते रूप गेलं कशामुळे? लोकांना आळस आला म्हणून?

भाची: आळस नव्हे, त्याचा आधारच गेला. हे रूप दुसऱ्या एका भूतकाळावर उभं असतं. त्याला 'पासे सँप्ल' म्हणतात, म्हणजे साधा भूतकाळ. त्या काळात क्रियापदाला जो स्वर लागतो, कुठे 'आ', कुठे 'ई', कुठे 'यू', कुठे नाकातला 'अँ', तोच स्वर इथे घ्यायचा आणि पुढे 'स'चे प्रत्यय लावायचे. पुढे तो साधा भूतकाळच बोलण्यातून गेला. 'मी गेलो' म्हणायला लोक सहायक क्रियापद लावून केलेलं रूप वापरू लागले आणि साधा भूतकाळ पुस्तकात उरला. मग त्याच्यावर उभं असलेलं हे रूप बोलणाऱ्याच्या तोंडी कसं राहणार? शिवाय तृतीय पुरुषी एकवचनात कानाला फरकच कळत नाही. साध्या भूतकाळातही 'पार्ला' आणि इथेही 'पार्ला'. लिहिताना तेवढी स्वरावर एक कोनदार खूण येते आणि शेवटी एक न उच्चारलेलं अक्षर.

मामा: म्हणजे मुळात लॅटिनमधून आलेलं रूप फ्रेंचच्या उच्चारात झिजलं. शेजारच्या भाषांत काय झालं?

भाची: तिथे जिवंत आहे. स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज या तिन्ही भाषांत ते रूप घरात, बाजारात चालतं. 'मी बोलत असतो तर' अशा अर्थी पोर्तुगीज माणूस 'फालास' सहज म्हणतो. 1961पर्यंत गोव्यातल्या पोर्तुगीज शाळांत शिकलेल्या माणसांना ते ठाऊक होतं. तिथे मी विनातक्रार शिकेन. माझा आक्षेप रूपाला नाही, फ्रेंच वर्गात त्यावर जाणाऱ्या वेळाला आहे. हिंगोलीतून पुण्याला गेलेल्या मुलीला आधी बोलता आलं पाहिजे. शहरातल्या मुलामुलींनी बारावीला फ्रेंच घेतलेलं असतं. आपल्याकडच्यांनी ती भाषा कानानेसुद्धा ऐकलेली नसते. आमचा वेळ मोजका असतो, तो जिवंत भाषेवर जावा.

मामा: वेळेचा मुद्दा मी मानतो. पण 'कोणी बोलत नाही म्हणून शिकू नये' हा न्याय लावलास, तर तो मराठीलाही लावावा लागेल. निजामाच्या राज्यात इथल्या सरकारी शाळांवर उर्दूचा अंमल असे. मुलं घरी मराठी बोलत, शाळेत उर्दू लिहीत, आणि फारसी शिकणाऱ्याला आमदनामा पाठ करावा लागे, म्हणजे फारसी क्रियापदांचे तक्तेच. आता मी काय बोललो बघ. 'असे', 'बोलत', 'लिहीत', 'लागे'. तू काय म्हणाली असतीस?

भाची: 'असायचा', 'बोलायची', 'लिहायची', 'लागायचा'.

मामा: आमच्या पिढीनंतर 'तो रोज शाळेत जाई' असं सहज म्हणणारा माणूस क्वचित भेटतो. सगळे 'जायचा' म्हणतात. शाळेच्या व्याकरणातही रीतिभूतकाळाचं उदाहरण म्हणून 'जात असे' येतं. एका शब्दातलं 'जाई', 'येई', 'करी' हे कथाकादंबरीत उरलं. मोरो केशव दामल्यांनी 1911 साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' काढलं. त्यातला रीतिभूतकाळ आजच्या मुलांना परका वाटतो. तुझ्या फ्रेंच रूपाचं जे झालं, ते आपल्या डोळ्यांसमोर मराठीत चाललं आहे.

भाची: मग त्यात वाईट काय, मामा? 'जायचा'ने काम भागलं. भाषा पुढे गेली. मला उलट दुसऱ्या गोष्टीचा राग येतो. आपल्याकडे मूल 'मी अभ्यास करायलो' म्हणतं. परभणी, हिंगोली, नांदेड, सगळीकडे हे रूप जिवंत आहे, नियमाने चालतं, लहान मूलही त्यात चुकत नाही. पण वहीत लिहिलं की लाल रेघ. मग कोणी न बोललेलं 'जाई' परीक्षेत गुण मिळवणार आणि सगळे बोलतात ते 'करायलो' अशुद्ध ठरणार. फ्रान्समध्येही हे रूप असंच माणसं मोजायचं साधन झालं. ज्याला जमतं तो सुशिक्षित, ज्याला जमत नाही तो खालचा. हिंगोलीच्या मुलीला असलं माप ओळखीचं आहे.

मामा: लाल रेघेबद्दल तुझं शंभर टक्के खरं. मी स्वतः 'करायलो' म्हणतो आणि ते मराठीच आहे. पण शिक्षा करण्यासाठी शिकवणं वेगळं आणि वाचता यावं म्हणून शिकवणं वेगळं. माझा आग्रह दुसऱ्यासाठी आहे. नामदेवरायांचा जन्म नरसीचा, असं परंपरा सांगते. 1270 साल. कयाधूकाठचं ते गाव आपल्या जिल्ह्यात. त्यांचे गुरू विसोबा खेचर त्यांना भेटले औंढ्याला, तेही आपल्याच जिल्ह्यात. त्यांच्या अभंगाच्या शेवटी 'नामा म्हणे' येतं. यातलं 'म्हणे' कोणत्या काळाचं?

भाची: वर्तमान. नामा म्हणतो.

मामा: तुला भजनामुळे कळतं. पण आजच्या गद्यात 'आजी म्हणे' लिहिलं तर अर्थ होतो, आजी म्हणायची. आणि बोलण्यात 'तो येणार म्हणे' म्हटलं तर अर्थ होतो, असं ऐकलं. एकच रूप, तीन कामं. संस्कृत भणति, प्राकृत भणइ, त्यातून आपलं म्हणे. जुन्या मराठीत 'करी', 'जाय', 'म्हणे' हा साधा वर्तमानकाळ होता. पुढे 'करतो', 'जातो', 'म्हणतो' आले आणि त्यांनी वर्तमानकाळ घेतला. जुनं रूप मागे सरून नेहमी घडणाऱ्या भूतकाळाचं काम करू लागलं. आता तिथूनही त्याला 'करायचा'ने हलवलं. हा प्रवास मुलाला कोणी सांगितला नाही, तर ते अभंगातला वर्तमानकाळ भूतकाळ समजून वाचेल. संत समोर उभा राहून बोलतो आहे आणि आपल्याला वाटणार, कोणी जुनी आठवण सांगतं आहे. 'कीजे', 'दीजे', 'बोलिजे' ही रूपं तर त्याला शब्दच वाटणार नाहीत. नरसीच्या शाळेतल्या मुलाला नामदेव वाचता येऊ नयेत, हे मला सोसत नाही.

भाची: मग तुम्ही जे मागता आहात ते वाचनासाठी आहे, मामा. अभंग समजायला मुलाला 'म्हणे' आणि 'करिती' ओळखता आलं की पुरे. त्याने 'करिती' वापरून निबंध लिहावा, असं तुम्हालाही वाटत नसेल. फ्रेंचचंही तेच. ओळखणं मी मान्य करते. सहाही रूपं घडवता येणं, तीही शंभर क्रियापदांची, हे मान्य करत नाही. कादंबरीचं निवेदन बहुतेक 'तो', 'ती', 'ते'चं असतं. त्यामुळे पुस्तकात भेटतात ती मुख्यतः तृतीय पुरुषाची रूपं. 'आम्ही'चं पार्लासिओं साहित्यातही क्वचित येतं, कारण फ्रेंच कानालाच ते जड वाटतं. मग माझ्या तक्त्यातली चार रूपं कशासाठी?

मामा: सरकारने यावर काही नियम केला नाही का? आपल्याकडे 1962 साली शुद्धलेखनाचे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. 'करावें', 'जावें' यांच्या डोक्यावरचं टिंब त्याच वेळी उतरलं.

भाची: केला. 1901च्या फेब्रुवारीत फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्यांनी परीक्षकांसाठी सवलतींचा आदेश काढला. मुख्य क्रियापद संकेतार्थी असेल, तर पुढे या रूपाऐवजी वर्तमानकाळी रूप लिहिलं तरी चूक धरू नये, असं त्यात होतं. डिसेंबर 1976मध्ये दुसरा आदेश निघाला आणि मुख्य क्रियापद भूतकाळी असलं तरी ती मुभा मिळाली. म्हणजे ज्या देशाची भाषा, त्या देशाने आपल्या मुलांना सत्तर-ऐंशी वर्षांत दोनदा मोकळं केलं.

मामा: आणि ती डोक्यावरची खूण? तीही काढली?

भाची: नाही. 1990मध्ये फ्रेंच लेखनात सुधारणा सुचवल्या गेल्या. 'ई' आणि 'यू' या स्वरांवरची ती खूण बऱ्याच शब्दांतून काढायला हरकत नाही असं ठरलं. पण साध्या भूतकाळात आणि या रूपात मात्र ती ठेवली. कारण तिथे ती अर्थ सांगते. 'फ्यू' खुणेशिवाय लिहिलं तर 'तो होता', खुणेसह लिहिलं तर 'तो असावा' या अर्थाचं.

मामा: बघ, किती विचाराने केलं. परीक्षेत सक्ती नाही, पण पुस्तकातला भेद पुसायचा नाही. याच रस्त्याने गेलं पाहिजे. आपण टिंब काढलं ते लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी, आणि ते योग्यच होतं. पण जुनी पोथी वाचताना ते टिंब कशाचं होतं, कुठे नपुंसकलिंग सांगत होतं, कुठे विभक्ती, हे सांगायचं काम शाळेने अंगावर घेतलं नाही. आता जुन्या छपाईचं पान मुलांपुढे ठेवलं तर ती टिंबांनाच अडखळतात.

भाची: पण मामा, माझ्या वर्गातल्या बहुतेकांना जुनी पुस्तकं वाचायचीच नाहीत. त्यांना नोकरी हवी आहे. त्यांच्यासाठी हे ओझंच.

मामा: त्यांच्यासाठी असेल. तू तर अनुवाद करणार म्हणतेस. कोणाची पुस्तकं आणणार मराठीत?

भाची: काम्यू. मोठ्या लेखकापासून सुरुवात करावी असं वाटतं.

मामा: मग त्याच्या पुस्तकात हे रूप येतं की नाही?

भाची: येतं, आणि तिथे मला माझं म्हणणं थोडं मागे घ्यावं लागतं. 1942च्या 'लेत्रांजे'त काम्यूने निवेदन जवळजवळ बोलण्याच्या भूतकाळात केलं. 'तो जाऊन बसला' असं साधं. पण 1956च्या 'ला श्यूत'मधला निवेदक पॅरिसचा माजी वकील आहे. तो बोलताबोलता हे रूप वापरतो. समोरचा दचकला हे त्याच्या लक्षात येतं, आणि या रूपाबद्दल व एकूणच सुंदर भाषेबद्दल आपल्याला मोह असल्याची तो कबुली देतो. त्या माणसाचा गर्व, त्याची मिरवायची हौस, सगळं त्या एका क्रियारूपातून कळतं. मला ते रूप ओळखता आलं नाही, तर मी त्या वकिलाला साध्या मराठीत बोलायला लावीन आणि पात्रच हातचं जाईल.

मामा: म्हणजे मेलेलं म्हणतेस ते रूप 1956मध्येही पात्र उभं करत होतं.

भाची: होय. आणि बोलण्यातही ते पूर्ण गेलेलं नाही. काही ठरलेल्या शब्दसमूहांत ते गोठून राहिलंय. 'न फ्यूस क' म्हणजे 'निदान एवढं तरी'. 'प्ल्यूत आ द्यू' म्हणजे 'देव करो'. आपल्याकडे 'म्हणे', 'असो', 'न जाणो' राहिले तसंच.

मामा: आता माझ्याकडून एक नाव घे. झ्यूल ब्लॉक. फ्रेंच माणूस. जन्म 1880, मृत्यू 1953. मराठीची जडणघडण कशी झाली यावर त्याने फ्रेंचमध्ये ग्रंथ लिहिला. तो 1920 साली पॅरिसमध्ये निघाला. संस्कृतपासून प्राकृत, प्राकृतापासून मराठी, ध्वनी कसे बदलले, रूपं कशी झिजली, हे त्याने एकेक करून दाखवलं. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी 1941 साली तो 'मराठी भाषेचा विकास' या नावाने मराठीत आणला. 'करी' आणि 'म्हणे' यांच्या प्रवासाकडे बघायची शिस्त माझ्यासारख्यांना त्या ग्रंथाने दिली. त्या माणसाने आपली मेलेली रूपं निरुपयोगी म्हणून सोडली असती तर? त्याला पंढरपूरच्या बाजारात भाजी घ्यायला जुन्या मराठीची गरज नव्हती. पण मराठी आज जशी आहे तशी का आहे, हे त्याला त्या जुन्या रूपांनीच सांगितलं.

भाची: हे बळकट उदाहरण आहे. तरी मी म्हणेन, ब्लॉकने ती रूपं अभ्यासली, ओळखली, जोडून दाखवली. तक्ता घोकून पेपरात उतरवला नाही.

मामा: घोकल्याशिवाय ओळख पक्की होत नाही, हा माझा शिक्षकी अनुभव. कानावरून गेलेलं रूपच डोळ्याला पानावर सापडतं. एकदा सहाही रूपं मोठ्याने म्हण. 'असणे', 'जवळ असणे', 'करणे', 'येणे', 'बोलणे' एवढी पाच क्रियापदं. त्यांत चारही स्वर येतात. बाकी पाठ करू नकोस.

भाची: आणि मी म्हणते, सगळ्यांची फक्त 'तो' आणि 'ते'ची रूपं, पण थेट पुस्तकातल्या वाक्यांतून, वाक्याचा अर्थ लावत. तक्त्यातून नाही.

मामा: इथे आपलं एकमत होणार नाही.

भाची: नाही. पण कोणाला चुकीबद्दल शिक्षा करायची नाही, एवढं तरी ठरलं.

मामा: ते ठरलं.

दोघांनी वाद इथे थांबवला. माझे मत मी स्पष्ट सांगतो. पद्धतीच्या बाबतीत भाची बरोबर आहे आणि हेतूच्या बाबतीत मामा. जे रूप बोलणाऱ्यांनी सोडले, ते विद्यार्थ्याच्या तोंडी कोंबू नये आणि ते जमले नाही म्हणून त्याला कमी लेखू नये. मुख्य म्हणजे त्या रूपावरून माणसाची पायरी ठरवू नये. फ्रान्सने हे 1901 आणि 1976मध्ये मान्य केले, आपणही 'करायलो'च्या बाबतीत मान्य करायला हवे. पण रूप परीक्षेतून काढले म्हणून ते शिकवणीतूनही काढायचे, ही चूक आपण मराठीत केली आहे. लिहिण्याची सक्ती गेली आणि तिच्यासोबत वाचण्याची क्षमताही गेली. भाषेचे जुने रूप ओळखता येणे हा वाचणाऱ्याचा हक्क आहे. तो नाकारला, तर आपल्याच जिल्ह्यातला संत आपल्याच मुलांना परका होतो.

नामदेवांची एकसष्ट पदे गुरुग्रंथसाहिबात आहेत. 2015 साली त्यांच्या नावाशी जोडलेल्या पंजाबातल्या घुमान गावी अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. शीख भाविक ती पदे सातशे वर्षांपूर्वीच्या भाषेत रोज म्हणतात आणि त्यांचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. आपल्याकडे तेवढी तरी तयारी असावी.

हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, वसमत या पाचही तालुक्यांतल्या मराठीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. अभंग शिकवताना पहिली दहा मिनिटे त्यातल्या क्रियापदांना द्या. 'म्हणे', 'करी', 'करिती', 'कीजे' फळ्यावर लिहा, शेजारी आजची रूपे लिहा, आणि त्यांच्याही शेजारी मुलांच्या घरचे 'करायलो' सन्मानाने लिहा. परीक्षेत त्यावर प्रश्न विचारू नका. आणि परकीय भाषा शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी कोणतेही रूप सोडण्यापूर्वी एवढेच तपासावे, की ते रूप न कळल्याने कोणते पुस्तक आपल्याला बंद होणार आहे.